हळू मारलेली हाक

मिहिरने पलंगावरची चादर ओढून फरशीवर पसरली आणि तिच्या कडेला आमटीची रिकामी वाटी ठेवली. चादर म्हणजे तापी नदी आणि वाटी म्हणजे नाव.

"आता पट्टीनं नाव ढकल. सरळ समोरच्या काठाला," खिडकीत ठेवलेल्या पेरूएवढ्या यंत्रातून द्वारकामावशीचा खरखरीत आवाज आला. "आणि जुई, तू नदी वाहती कर."

जुईने चादरीचं टोक धरून ती हळूहळू आपल्याकडे ओढायला सुरुवात केली. सात वर्षांचा मिहिर जीभ दाताखाली धरून वाटी ढकलत होता. त्याने अगदी नाकासमोर ढकलली, तरी पलीकडे पोचेपर्यंत वाटी दोन फरश्या बाजूला गेलेली होती.

"ताईनं चीटिंग केली!"

"तिनं नाही रे, नदीनं केली," मावशी म्हणाली. "आता मला सांगा, समोरच्या पिंपळाखालीच उतरायचं असेल तर नावेचं तोंड कुणीकडे धरू?"

दोन्ही मुलं चादरीवर वाकली. बाजूच्या खोलीत दार लोटून लिहीत बसलेल्या केतकी देवरेला हसू आलं. वेग आणि दिशा हा धडा तिने स्वतः दोनदा शिकवला होता, आणि दोन्ही वेळा मिहिरला झोप आली होती.

गंमत अशी की द्वारकामावशी नावाची बाई या जगात कधी नव्हतीच. केतकीनेच तिला जन्म दिला होता. तापीवर नाव चालवणारी, साठी ओलांडलेली, फटकळ आणि मायाळू द्वारका ही तिच्या नव्या कादंबरीची नायिका होती. नदीवर पूल होतो, नाव रिकामी पडते, आणि पलीकडच्या काठावर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीशी द्वारकेचा कित्येक वर्षांचा अबोला असतो, अशी ती गोष्ट.

त्या यंत्राला पात्रवाणी म्हणत. लेखकाने आपल्या पात्राचं गाव, वय, सवयी, राग-लोभ, लिहून झालेली प्रकरणं असं सगळं त्यात भरायचं. मग यंत्र त्या पात्राचं एक मन तयार करी आणि ते मन त्या पात्राच्या आवाजात बोलू लागे. एखाद्या प्रसंगात आपली नायिका काय म्हणेल, असं अडलं की तिलाच विचारायचं. हल्ली बरेच लेखक हे वापरत होते. केतकीने मात्र त्यातून आणखी एक काम काढलं होतं.

देवरे कुटुंब साक्रीच्या माळावर, सौर प्रकल्पाच्या वसाहतीत राहत होतं. केतकीचा नवरा तुषार तिथे देखभाल अभियंता होता. वसाहतीतली शाळा मुलं कमी म्हणून बंद पडली, तेव्हा साक्रीच्या शाळेची बस उपलब्ध होती. पण केतकीने मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं. घरात मूल आपल्या गतीने फुलतं यावर तिचा मनापासून विश्वास होता. त्यावर तिने लेख लिहिले होते, भाषणंही केली होती. भाषणात एकच गोष्ट ती सांगत नसे. कुकरची शिट्टी आणि सतराचा पाढा यांच्या मधल्या फटीत कादंबरी लिहिता येत नाही. एक कादंबरी तिने अशीच अर्धी सोडून दिलेली होती.

म्हणून एका सकाळी तिने द्वारकेला मुलांसमोर नेऊन ठेवलं. "मावशी, यांना जरा नदीबद्दल सांग." आणि मावशीने नदीतून भूगोल काढला, माशांतून जीवशास्त्र, नावेच्या भाड्यातून अपूर्णांक. केतकीला रोजची सकाळ मिळाली. दुपारी मुलं मागच्या अंगणात खेळायला गेली की तेच यंत्र ती लिहायच्या खोलीत आणी. माहितीपत्रकात म्हटलं होतं की पात्राचा स्मृतिगाभा, म्हणजे आठवणींचा साठा, सगळ्यांशी बोलताना एकच असतो. त्याला माणसांचा सहवास जितका मिळेल तितकं ते जिवंत होत जातं. केतकीने ते वाचलं होतं. छानच झालं की, असं तिला तेव्हा वाटलं.

आणि द्वारका खरंच जिवंत होत गेली. कादंबरीत एक प्रसंग होता. बहीण समोरच्या काठावर कपडे धुताना दिसते, तरी द्वारका नाव पुढे काढते.

"मावशी," केतकीने एका दुपारी विचारलं, "तू तिला हाक का मारली नाहीस?"

मावशी म्हणाली, "मारली की. हळू मारली. मोठ्यानं मारली असती आणि तरी ती आली नसती, तर? हळू मारली की मनाला सांगता येतं, तिला ऐकूच गेलं नसेल."

केतकीने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

तिच्या संपादक शैलजा पाटकर यांनी प्रकरण वाचून मुद्दाम फोन केला. "केतकी, सगळं पुस्तक त्या एका वाक्यावर उभं राहणार आहे. कुठून आणलंस हे?"

"सुचलं," केतकी म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी ती पाणी प्यायला म्हणून खुर्चीवरून उठली. ती लोटलेल्या दारापाशी पोचलीच होती, एवढ्यात पलीकडून आवाज आला.

"आई."

इतका हळू, की ती खुर्चीवर असती तर तिला पत्ताही लागला नसता. ती ओ देणार, तोच पावलं माघारी वळल्याचं तिला ऐकू आलं. तिने दार उघडलं. जुई पाठमोरी चालली होती.

"हाक मारलीस का गं?"

जुई दचकली. "नाही. काही नाही."

ती निघून गेली. केतकी दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. तहान कुठल्या कुठे गेली होती. काय झालंय ते तिला एकदम आणि पूर्ण कळलं होतं.

ती आत आली आणि यंत्रासमोर बसली. "मावशी, हळू हाक मारायचं ते तुला जुईनं सांगितलं ना?"

"माझ्या नावेत बसून कोण काय बोललं, ते मी काठावर सांगत नाही," मावशी म्हणाली.

हा स्वभाव केतकीनेच तिला दिला होता. पण लगेच यंत्रातून दुसराच, सपाट, कुणाचाही नसलेला आवाज आला. "मालक म्हणून आपण स्मृतिगाभा उघडू शकता. उघडायचा का?"

एक 'हो' म्हटलं असतं, तर मुलीने इतक्या महिन्यांत मावशीला सांगितलेलं सगळं तिला ऐकता आलं असतं. केतकीने यंत्र बंद केलं.

तुषार जेवायला आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. भाकरीचा घास हातातच ठेवून तो ऐकत राहिला.

"मग उघड ना," तो म्हणाला. "आई आहेस तू तिची. तिला काही त्रास होत असेल तर कळायला नको?"

"तुषार, ते यंत्र विचारत होतं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीय? तिथं अशी आणखी किती वाक्यं असतील, हे आलं. तिला काय त्रास होतोय, हे नंतर आलं."

तुषारने तिच्या ताटात भरताचा चमचा वाढला आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. "मग तिलाच जाऊन विचार."

जुई मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. वाऱ्याने चादरी फडफडत होत्या. केतकीने दुसरं टोक धरलं, दोघींनी मिळून एका चादरीची घडी केली, आणि मग केतकीने काहीही न लपवता सांगितलं. मावशी बोलली ते वाक्य, ते पुस्तकात गेलं ते, शैलजाताईंना ते आवडलं ते, आणि ते जुईचं आहे हे तिला आजच कळलं ते.

जुईचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

"मी मावशीशी बोलत होते," ती म्हणाली. "तुझ्या पुस्तकाशी नाही."

"मला माहितीय गं."

"तिनं सांगितलं तुला?"

"नाही. तिनं तुझं नावही घेतलं नाही. तिनं तुझं दुःख आपलं म्हणून सांगितलं, आणि मी ते लिहून घेतलं."

जुईने घडी केलेली चादर केतकीच्या हातात दिली आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून जुई यंत्रासमोर बसेना. मिहिर एकटाच बसून मावशीला विचारायचा, "ताई का बोलत नाही तुझ्याशी?" आणि मावशी म्हणायची, "तिच्या मनात येईल तेव्हा बोलेल. तू सुसरीची गोष्ट सांग बघू."

केतकीने शैलजाताईंना फोन केला आणि ते वाक्य काढते म्हणाली.

"अगं, वेड लागलंय का तुला? ते वाक्य वाचून मी माझ्या मुलाला फोन केला होता. दोन वर्षांनी!"

"ताई, ते माझं नव्हतं."

"लेखकाचं असं काय असतं गं? आपण सगळे ऐकलेलंच लिहितो."

शैलजाताई म्हणत होत्या ते खोटं नव्हतं. आयुष्यभर केतकीने हेच केलं होतं. बाजारात, लग्नघरात, दवाखान्याच्या बाकावर कान उघडे ठेवूनच ती लेखिका झाली होती. पण त्या माणसांनी तिच्या दाराशी येऊन हाक मारली नव्हती. तिने वाक्य काढलं. मग पुढची पानं वाचताना तिला आणखी जागा दिसू लागल्या. हे मावशीचं की जुईचं? हे आपण लिहिलं, की आपल्यापर्यंत येऊन पोचलं? तिला सांगता येईना. तिने मावशी मुलांसमोर बसू लागल्यानंतरची सगळी प्रकरणं बाजूला ठेवली.

यंत्राच्या मदतकेंद्रातल्या मुलाने तिला नीट समजावून सांगितलं. स्मृतिगाभा म्हणजे भिजवलेली कणीक असते, त्यातलं पाणी परत वेगळं काढता येत नाही. सगळा गाभा पुसता येईल, नाहीतर मालकी बदलता येईल. नवा मालक एकदा आपल्या आवाजाने कुलूप लावील, मग जुन्या मालकाला तो उघडता येणार नाही.

त्या संध्याकाळी केतकीने यंत्र जुईच्या अभ्यासाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"हिला तुझ्या आवाजाचं कुलूप लावून घे. यापुढे ती तुझी. काय बोललीस, काय बोलशील, मला कधीच कळणार नाही. पुसून टाकायचं असेल तर पूस, ते पण तूच ठरव."

जुईने यंत्राकडे पाहिलं, मग आईकडे. "मग तू पुस्तक कसं लिहिणार?"

"पूर्वी लिहायचे तसं."

"मावशीशिवाय?"

"माझ्या डोक्यातली मावशी आहे ना. ती जरा गप्प गप्प असते, पण आहे."

रात्रीचं जेवण वाढायच्या वेळी तिच्या खोलीतून मावशीचा हसण्याचा आवाज आला, तेव्हा केतकीला हायसं वाटलं आणि त्याच वेळी एकटंही वाटलं. तिने जन्म दिलेली बाई आता तिच्याशी बोलणार नव्हती.

घराची घडी बदलली. सकाळी केतकी स्वतः शिकवू लागली. संध्याकाळचा स्वयंपाक तुषारने घेतला आणि भाज्यांत मीठ कधी दोनदा पडू लागलं, कधी अजिबातच नाही. कादंबरी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. कागदावरची द्वारका अवघडून बोलायची. केतकी लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. लिहायच्या खोलीचं दार तिने आता सताड उघडं ठेवलं होतं, त्यामुळे मिहिर दर थोड्या वेळाने आत यायचा आणि काहीतरी विचारून जायचा. केतकी वैतागायचीसुद्धा. पण तिने दार लावलं नाही.

मग जुई तिथे येऊन बसू लागली. आधी उंबऱ्याजवळ, नंतर भिंतीला टेकून. ती आपली गणितं सोडवायची, केतकी लिहायची. दोघी फारसं बोलत नसत. उन्हं खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची.

अशाच एका दुपारी जुई मान वर न करता म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय. साक्रीच्या."

केतकीची बोटं कळफलकावर थांबली. तिची भाषणं, तिचे लेख, या माळावर मांडलेला तिचा सगळा खेळ तिच्या डोळ्यांपुढून गेला. "का गं? मी शिकवते ते कंटाळवाणं होतं?"

"नाही. तू आता छान शिकवतेस."

"मग?"

जुईने पेन्सिल खाली ठेवली. "मला भांडायला कोणी नाही. मिहिरशी भांडले की मी मोठी, म्हणून माझंच चुकतं. तुझ्याशी भांडले की तुला वाईट वाटतं. मावशी तर भांडतच नाही, ती समजूनच घेते. मला माझ्याएवढ्या कुणाशी तरी भांडायचंय, आणि दुसऱ्या दिवशी परत डबा खायचाय त्यांच्याबरोबर."

किती दिवस हे तिच्या मनात होतं? मावशीला तिने हे कधी सांगितलं होतं? केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीला जवळ घ्यावंसं तिला वाटलं. ती खुर्ची मागे सरकवत होती, आणि तेवढ्यातच, तिची काहीही इच्छा नसताना, जुईचं शेवटचं वाक्य तिच्या मनात पुन्हा एकदा, हळूच, शब्दाशब्दाने उमटून गेलं. भांडायचंय, आणि दुसऱ्या दिवशी परत डबा खायचाय.

जुई तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती. अकरा वर्षांच्या त्या डोळ्यांत राग नव्हता. तिला फक्त खरं काय ते जाणून घ्यायचं होतं.

"आई," तिने विचारलं, "तू आत्ता ऐकतेयस, की लिहितेयस?"