ठोकळाबाईची कंबर

“माझ्या कमरेचं माप गावभर करायला लाज नाही वाटली?” मुख्याध्यापिकाबाईंनी आपला फोन मावशीच्या शिलाई मशीनवर आपटला.

सुट्टीला आलेली ताई आणि तिचा धाकटा भाऊ भोंगा धावत आले. फोनवर जाहिरात होती : ‘कंबर चव्वेचाळीस? चिंता नको! पोट लपवणारे कपडे घरपोच!’

“शी! घाणेरडे!” भोंगा किंचाळला. त्याच्या कुजबुजण्यानेही शेजारी दार उघडून बघत, म्हणून तर तो भोंगा!

“माप फक्त तुम्हाला ठाऊक होतं,” बाई मावशीला म्हणाल्या. “परवा येईन. खुलासा नाही मिळाला, तर एकही शिक्षिका या दुकानाची पायरी चढणार नाही!”

बाई गेल्या. मावशी गळ्यातली टेप मुठीत धरून मटकन बसली. “वीस वर्षं लोकांची मापं पोटात ठेवली गं!”

“पण लिहितेस कुठे?” ताईने विचारलं.

“फोनमध्ये. फोनच्या कंपनीनेच आत वही दिलीय. नाव, नंबर, माप, सगळं त्यात.”

“म्हणजे तुझं पोट शाबूत, फोनचं फुटकं!”

कोपऱ्यात कपडे चढवायचा बिनडोक्याचा पुतळा उभा होता. भोंग्याने त्याचं नाव ठोकळाबाई ठेवलं होतं. ताईने त्याच वहीत लिहिलं : ‘ठोकळाबाई, कंबर सत्तर’. पुढे स्वतःचा नंबर टाकला.

“कुणाला सांगायचं नाही. भोंग्या, तुला सांगतेय!”

“मी कधी बोलतो?” भोंगा म्हणाला, आणि शेजारच्या खिडकीतून कुणीतरी खुदकन हसलं.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. मावशीने तिला फोन विकलेल्या दुकानदारालाही बोलावलं होतं.

“फोन कसा चुगली करेल? मावशीच बोलल्या असतील!” तो म्हणाला.

“मग या कोण, काका?” ताईने आदल्या संध्याकाळी तिच्या फोनवर आलेला निरोप दाखवला.

“‘प्रिय ठोकळाबाई, सत्तर इंची कंबर? आम्ही आहोत ना!’” दुकानदार पोट धरून हसला. “सत्तर! बघा, मावशींनी हिचंही माप फोडलं!”

“भेटा की त्यांना. तुमच्या मागेच उभ्या आहेत!”

तो वळला आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

“हे खोटं माप फक्त त्या वहीत होतं,” ताई म्हणाली. “फोन सुरू करून देताना कंपनीने काय विचारलं होतं?”

“‘अनुभव सुधारायला मदत कराल का?’ असंच काहीतरी. मी सगळ्यांच्याच फोनवर हो दाबतो. वाचत कोण बसतं?”

बाईंनी अंगावरून झुरळ गेल्यासारखे खांदे झटकले. कुणी परका माणूस आपल्या कमरेचं माप घेऊन ते विकतो, आणि वर त्याला सुधारणा म्हणतो! किळसच आली सगळ्यांना.

ताईने मावशीच्या फोनमध्ये खोदत खोदत, सहा पडदे ओलांडून ते ‘हो’ शोधलं आणि बंद केलं. “पण गेलेली मापं परत येणार नाहीत,” ती म्हणाली.

बाईंनी मावशीचा हात धरला. “चुकलं माझं. उगाच तुमच्यावर आळ घेतला. पोरांनो, शाबास! शिकवावं तर तुम्ही आम्हाला!” मग त्या दुकानदाराकडे वळल्या. “जिथे जिथे हो दाबलंत, तिथे तिथे जाऊन नाही दाबून या. आजच! आणि भोंग्या, तू पुढे जाऊन सगळ्यांना ओरडून सांग.”

भोंग्याला असं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं! तो बाणासारखा सुटला.

मावशीने कोरी कागदी वही उघडली. ठोकळाबाईच्या कमरेला टेप लावली, पहिल्या पानावर खरं माप लिहिलं आणि वही कपाटात ठेवून कुलूप घातलं.

“किती भरली गं?” ताईने विचारलं.

“तिलाच विचार,” मावशी म्हणाली.