नाथाजीची मेंढरं

आमच्या ॲपचं काम साधं होतं. कोरेगावकडच्या शेतकऱ्याला रानात मेंढरं बसवायची असतात, आटपाडीच्या मेंढपाळाला रात्रीपुरतं रान हवं असतं. दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच. चैत्रात चार रात्री कळप बसला की लेंडीखतावर पुढं आलं-हळदीचं पीक जोमानं येतं. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो, नाहीतर पैसे. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या पारावर बसून, फोनवर ओरडून आणि अधूनमधून शिव्या देऊन व्यवस्थित चालला होता. तो मोबाईलवर आणायची बुद्धी राजवर्धनला झाली.

राजवर्धन कॉलेजात माझ्या पुढं होता. घरचा ऊस, घरची गाडी आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ त्यानं दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं आणि मला पुण्याची नोकरी सोडायला लावून बोलावून घेतलं. ॲप बाजारात यायच्या आधीची चाचणी माझ्याकडं होती. प्ले स्टोअरचा नियम असा, की ठरावीक खऱ्या माणसांनी ते सलग दोन आठवडे वापरून दाखवायचं. मध्येच माणसं गळाली की पुन्हा श्रीगणेशा. म्हणजे माणसं जमवायची, त्यांना शिकवायचं, त्यांची रड ऐकायची आणि त्यांना धरून ठेवायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड.

शेतकऱ्यांच्या बाजूनं मी माझे चुलते धरले. हंबीरराव काका फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत, वसना नदीकाठी त्यांचं रान आहे. मेंढपाळांच्या बाजूनं होत्या अंजनाबाई. झाडावरून पडून नवऱ्याची कंबर गेल्यापासून तो आटपाडीत घरीच असतो. अंजनाबाई आणि त्यांचा दीर कळप घेऊन दिवाळीनंतर इकडं उतरतात ते पावसाच्या तोंडाला परत जातात. बाकीचे मेंढपाळ फोन हातात घ्यायलाच तयार नव्हते. अंजनाबाईंनी त्यांना गोळा केलं, दरडावलं, आपल्या हातानं ॲप घालून दिलं. मला त्या आवडायच्या. कळप हेच त्यांचं घर, शेत आणि म्हातारपण होतं, आणि ते त्या आमच्या भरवशावर घेऊन फिरत होत्या.

नाथाजी मी तयार केला. यात काही विशेष नाही, चाचणीत खोटी खाती करावीच लागतात. मेंढपाळाचं एक रिकामं खातं उघडलं, राजवर्धननं नाव सुचवलं. फोटो म्हणून खुर्चीवर टाकलेली काळी घोंगडी काढली. मेंढरांच्या रकान्यात शून्य चालेना म्हणून एक टाकलं. दराच्या जागी मात्र शून्य चाललं. मग बुकिंग नीट होतंय का पाहायला मी नाथाजीला काकांचं रान दिलं. झालं व्यवस्थित. ते रद्द करायचं राहून गेलं.

सकाळी काकांचा फोन आला. कळप बेस बसला म्हणाले. गडी दिसला नाही, उजाडायच्या आत निघून गेला, धान्यसुद्धा मागितलं नाही. असाच माणूस पाठवत जा. त्यांनी पाच तारेही देऊन टाकले होते.

मी समजले, दुसराच कुणीतरी मेंढपाळ वाट चुकून बसला असेल. तरी स्कूटर काढून गेले. रान खरंच तुडवलेलं होतं. लेंड्या चाळणीनं चाळल्यासारख्या एकसारख्या पसरलेल्या. ओल्या लोकरीचा वास होता. बांधावरच्या बाभळीला लोकरीचे पुंजके लागले होते. मी चारी बांध फिरले. कळप रानात शिरतो तर कुठूनतरी शिरतो, वाटेनं लेंड्या टाकत येतो आणि टाकत जातो. इथं बांधाच्या बाहेर एक लेंडी नव्हती. खुराचा एक ठसा नव्हता.

मी ते राजवर्धनला सांगितलं. तो म्हणाला, उत्कर्षा, तू उन्हात फार फिरतेस.

पाच तारे बघून पुढच्या दोघांनी नाथाजीलाच बोलावलं. मग आणखी चौघांनी. मी त्याचं नाव यादीतून लपवायचा प्रयत्न केला, तर रात्रीत ते परत वर आलेलं असे. शेतकरी खूश होते. कुत्री भुंकत नाहीत, बांधावरचं झाड ओरबाडलं जात नाही, पाण्यावरून भांडण नाही, गडी तोंड दाखवत नाही. एकानं तर लिहिलं, की इतका गुणी मेंढपाळ आजवर पाहिला नाही. पाहिला नाही हे खरंच होतं.

खातं पुसणं हा एक उपाय होता. पण पुसलं तर त्याच्याबरोबर झालेली सगळी बुकिंगं कोसळणार आणि दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. राजवर्धन हसून म्हणाला, "बिनतक्रारीचा आहे, बिनपैशाचा आहे. तुझ्या अंजनाबाईला सांग, जरा नाथाजीसारखं वाग म्हणावं." मला ते बोलणं लागलं. पण मी खातं पुसलं नाही, कारण मलाही ते ॲप बाजारात आलेलं हवं होतं.

अंजनाबाईंना रान मिळेनासं झालं. ज्या रानात त्यांच्या सासऱ्यापासून कळप बसत होता, तिथं आता शेतकरी हात वर करून म्हणायचे, बाई, नाथाजी येणार हाय. त्यांनी कॅनॉलच्या कडेला मुक्काम केला, मग रस्त्याच्या कडेला. मग त्यांची मेंढरं कमी व्हायला लागली. रोज सकाळी थोडी. वाघर म्हणतात ती कळपाभोवतीची जाळी जिथल्या तिथं, गाठी तशाच बांधलेल्या. रक्त नाही, लांडग्याचा माग नाही, चोराची चप्पल नाही. कुत्रा झोपलेला. ॲपवर नाथाजीच्या नावापुढचा आकडा मात्र वाढत होता. तो मी बदलत नव्हते. राजवर्धनला तर तो बदलता येतच नव्हता.

एक दिवस अंजनाबाई ऑफिसात आल्या. दीर गावाकडं गेला होता, उरलेली चार मेंढरं त्यांनी ओळखीच्या माणसाकडं ठेवली होती. राजवर्धन आतल्या खोलीत होता, तो बाहेर आला नाही. पाणी दिलं ते त्यांनी तसंच ठेवलं.

"माझी मेंढरं त्याच्यात गेल्यात, ताई," त्या म्हणाल्या. "आज कुठं बसायचाय त्यो, तेवढं सांगा."

मी त्यांना सगळं सांगून टाकलं. नाथाजी म्हणून कुणी नाही, ते नाव आम्ही इथं या टेबलावर तयार केलं, फोटोतली घोंगडी समोरच्या खुर्चीवरची आहे. त्यांनी खुर्चीकडं पाहिलं. चिडतील असं वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत, नुसत्या थकलेल्या दिसल्या.

"न्हाई कसा? समदा तालुका त्याला बोलावतोय," त्या म्हणाल्या. "दोन कळप मिसळत्यात कवा कवा. हाक मारली की ज्याची त्याच्याकडं येत्यात. मी नेते माझी. पर तवर तुमी त्याला पुसू नगा. आत माझी जित्राबं हायत."

मी पुसणार नाही म्हणून शब्द दिला. त्या दिवशी नाथाजी हंबीरराव काकांच्या रानात होता. मी अंजनाबाईंना स्कूटरवर मागं बसवून नेलं.

दिवस मावळत होता. काका बांधावर खुर्ची टाकून बसले होते. रान नांगरून मोकळं केलेलं, ढेकळांशिवाय त्यात काही नव्हतं. पलीकडच्या रस्त्यानं उसाचा शेवटचा ट्रॅक्टर गेला आणि सगळं शांत झालं.

"येतील आता," काका म्हणाले. "अंधार पडाय लागला की येत्यात. दिसत न्हाईत, पर ऐकू येतंय. आपल्याला दिसून काय करायचंय, खत पडल्याशी मतलब."

अंजनाबाई बांध उतरून रानात गेल्या. मधोमध उभं राहून त्यांनी हाक मारली. घशातून निघालेली, लांब, शेवटी वर जाणारी हाक.

आधी वास आला. ओल्या लोकरीचा, दुधाचा, मुताचा. मग ढेकळं फुटल्याचा बारीक आवाज, सगळीकडून. धूळ उठली. ती गुडघ्याच्या वर गेली नाही.

अंजनाबाई हसल्या. मी त्यांना एवढं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्या एकेकीला नावानं बोलावू लागल्या. कानडी, भुरी, लंगडी, शेलाटी. वाकून हात पुढं करायच्या आणि हात हवेतच थांबायचा, खाली कशावर तरी टेकल्यासारखा. बोटं लोकरीत फिरावीत तशी फिरत होती.

"चला बया, चला," म्हणत त्या माझ्याकडं वळल्या. धूळ त्यांच्या मागं वळली.

त्या निघाल्या. दहा-बारा पावलं आल्या असतील.

मग थांबल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं.

पदर डोक्यावर घेतला. घरातलं वडीलधारं माणूस समोर आलं की बाया घेतात तसा.

"आवं, तुमी कवा आलासा?" त्या म्हणाल्या.

उत्तर मला ऐकू आलं नाही. त्यांना आलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत भीती होती, आणि मी काहीतरी करावं अशी आशाही होती. मी बांधावरून खाली उतरले नाही.

धूळ त्यांच्या कमरेपर्यंत आली. मग खांद्यापर्यंत.

मग खाली बसली.

रानात कुणी नव्हतं. काका खुर्ची घडी करत होते. "बसली गुमान," ते म्हणाले. "चल, भाकरी खाऊन जा."

दीर दुसऱ्या दिवशी आला. पोलिसांत तक्रार झाली, विहिरी बघितल्या, कॅनॉलला माणसं लावली. ओळखीच्या माणसाकडं ठेवलेली चार मेंढरंही त्याच रात्री गेली होती. मी पाहिलं ते पोलिसांना सांगितलं. हवालदारानं ते लिहून घेतलं नाही, उलट चहा पाजला. काकांनी सांगितलं की अंधारात त्यांना नीट दिसलं नाही. दीर माझ्या दारात दोन दिवस बसून राहिला आणि मग घोड्यावर बिऱ्हाड बांधून एकटाच आटपाडीला गेला. त्याच्यापुढं हाकायला एक जनावर नव्हतं.

राजवर्धनला मी म्हणाले, आता तरी थांबवूया. त्यानं विचारलं, दोन आठवडे पुरे झाले ना? झाले होते. अंजनाबाईंचं खातं बंद पडलं, तेव्हा माणसांचा आकडा खाली येऊ नये म्हणून त्यानं लगेच दुसरा माणूस घातला होता. त्याच आठवड्यात आमचं ॲप सगळ्यांसाठी खुलं झालं. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, नाथाजी. तो पुसावा असं रोज मनात येतं. पण आत त्या आहेत. त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, आणि पुसल्यावर आतल्यांचं काय होईल ते मला माहीत नाही. शिवाय राजवर्धनही पुसू देणार नाही. दोन्हीतलं खरं कारण कोणतं, हे मी स्वतःला विचारत नाही.

गेल्या आठवड्यात काकांनी नाथाजीला परत बोलावलं आणि पहिल्यांदाच एक तारा कापला. फोनवर म्हणाले, खत झकास, पण या खेपेला त्याच्याबरोबर एक बाई आहे. रात्रभर मेंढरांना नावानं हाका मारते. मधेच उत्कर्षाताई, उत्कर्षाताई म्हणून ओरडते. डोळ्याला डोळा लागत नाही. एवढं बंद करता आलं तर बघ.

राजवर्धननं ती तक्रार माझ्याकडं पाठवली आणि संध्याकाळपर्यंत निपटून टाक म्हणाला. मी सगळं ॲप उलथंपालथं करून पाहिलं. त्यात आवाज कुठंच नाही. आम्ही आवाज घातलेलाच नव्हता. मी काही न बदलता मशीन बंद केलं आणि घरी आले.

सकाळी काकांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"काल झ्याक झोप लागली बघ, पोरी. त्या बाईचं हाका मारणं एकदम बंद. आता एक मेंढरू तेवढं जरा येगळं वरडतंय, पर जनावर हाय, वरडायचंच. तूच केलंस न्हवं ते?"

मी हो म्हणाले.