कड्याखालची शेकोटी

“शिट्टी तिला? आणि मी काय नुसता तंबू वाहायचा?”

भिंगरीने गाल फुगवले. दर सुट्टीत डोंगर चढताना शिट्टी घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा मान तिचा! यंदा काकाने मात्र शिट्टी थेट तिच्या आतेबहिणीच्या गळ्यात घातली. ही पहिल्यांदाच आलेली, दिसेल त्या झाडाचं नाव सांगणारी, आणि वर गोडही बोलणारी! भिंगरीने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, दीडशहाणी.

“ती सावकाश चालते. म्हणजे कुणी मागे राहत नाही,” काका म्हणाला.

“मग गोगलगायीलाच द्यायची!” भिंगरी पुटपुटली. धाकटा भाऊ ढब्बू फिस्सकन हसला.

पायथ्याशी वनरक्षकाने सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. “वणव्याचे दिवस आहेत. गवत नुसतं कुरकुरतंय. वर काडीसुद्धा ओढायची नाही! मीही मागून फेरीला येतोच आहे.”

उन्हं कलली तसे पठारावर तंबू लागले. काका झऱ्यावर पाणी आणायला गेला, आणि दीडशहाणीने नाक वर केलं. “धुराचा वास येतोय का गं?”

भिंगरीलाही येत होता! पण दीडशहाणी आधी बोलली होती ना! “छे! भास होतोय तुला,” भिंगरी फणकारली आणि गुपचूप एकटीच वासाच्या मागावर निघाली. शोध लागलाच तर तो आपल्यालाच लागायला हवा!

कड्याखाली दोन धष्टपुष्ट माणसं पाय पसरून बसली होती. समोर चक्क शेकोटी! वाऱ्यावर ठिणग्या उडत होत्या.

“अहो, विझवा ना ती! वणवा लागेल!”

“जा गं, खेळ जा! मोठ्यांना शिकवतेस?”

इतक्यात चर्र आवाज झाला. गवताचा एक झुबका पेटला! भिंगरीने तो बुटाने चिरडला, तर पलीकडे दुसरा पेटला. आता हाक मारायलाच हवी होती. पण कुणाला? तिलाच? भिंगरीने ओठ चावला. तेवढ्यात एका झुडपाने पेट घेतला.

“ताई! धाव गं!”

चार महिन्यांनी मोठ्या असलेल्या त्या बहिणीला तिने आजवर कधीच ताई म्हटलं नव्हतं. ताई ढब्बूला घेऊन धडपडत उतरली.

“वाजव शिट्टी! जोरात!” भिंगरी कुजबुजली आणि रिकाम्याच झाडीकडे हात हलवत ओरडली, “वनरक्षककाका, इकडे! हेच ते दोघे!”

दोघांची पाचावर धारण बसली! त्यांनी कॅनमधलं सगळं पाणी शेकोटीवर ओतलं आणि चंबूगबाळं आवरायला घेतलं. मुलींनी हिरव्या फांद्यांनी झुडूप झोडपलं, ढब्बू मातीच्या ओंजळी टाकत सुटला. शेवटची ठिणगी विझली, तेव्हा झाडीतून खरोखरच वनरक्षक धावत आला! शिट्टी त्याने ऐकली होती.

“कुठे निघालात, पाहुणे?” त्याने त्या दोघांची वाट अडवली. मग मुलांकडे वळून म्हणाला, “शाबास रे वाघांनो! अख्खा डोंगर वाचवलात!”

काका धापा टाकत पोचला. “आधी कळलं कुणाला?”

भिंगरी पुढे झाली. “ताईला,” ती म्हणाली. “मलाही वास आला होता. पण मी मुद्दाम भास म्हटलं. जळत होते मी तिच्यावर.”

“गवतापेक्षा जास्त!” ढब्बू ओरडला.

सगळ्यांत आधी ताईच खो खो हसली. काकाने दोघींच्या पाठीवर थाप मारली. ताईच्या पाठीवर जरा जोरात, हे भिंगरीने बरोबर टिपलं. पण तोवर तिलाही हसू आवरेना!