वायमारूच्या फाटकाशी

दुपार कलली तशी मेरेआना रताळ्यांची शेवटची टोपली धुवायला ओढ्यावर गेली. नवं देऊळ सकाळी उघडलं होतं, प्रार्थना झाली होती, आणि आता खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर डुक्कर आणि रताळी पुरून संध्याकाळचं जेवण शिजवायचं होतं. तेरा वर्षांनी वायमारूत चूल पेटणार होती. पण रताळी धुताना बायका जेवढ्या बडबडतात तेवढी आज कुणी बडबडत नव्हती. ज्याचा त्याचा डोळा उन्हाकडे होता.

तेरा वर्षांमागे साथीचा ताप आला, तेव्हा सरकारी माणसांनी टेकडीमागे चर खणला, वर चुना ओतला आणि मेलेले सगळे एकत्र पुरून टाकले. प्रेत अंगणात आणणं नाही, त्याच्याशेजारी बसून रडणं नाही, बायकांची हाक नाही. मेरेआनाचा नवरा आणि सात वर्षांची लेक काराराइना त्याच चरात गेली. त्या दिवसापासून मेरेआनाचा आवाज बसला तो बसलाच. बोलण्यापुरता होता, हाकेचा नव्हता. आणि गावातर्फे पाहुण्यांना हाक देणारी तीच मुकी झाली तर मराएच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, अंगणात पाऊल कोण टाकणार? बोलावल्याशिवाय पाहुणा फाटक ओलांडत नाही, मग तो जिवंत असो की मेलेला.

गाव उठलं ते भीतीने. कातरवेळी फाटकाशी पावलं वाजतात म्हणून माणसं दलदलीकाठी पांगली, बाटलीला लागली, एकमेकांची डोकी फोडू लागली. मग पिरिमोना उभा राहिला. हा पिरिमोना दुसऱ्याच्या शेतात नांगर धरणारा गडी. सलगमच्या शेतात त्याला वाणी ऐकू आली, तो नांगर तिथेच टाकून निघाला आणि झोपडी झोपडी फिरून सांगू लागला, बाटल्या फोडा, भीती टाका, प्रभूचं नाव घ्या आणि घरी चला. लोक आधी हसले, मग रडले, मग मागे निघाले. आता लोक त्याला संदेष्टा म्हणत. मेरेआनाने लहानपणी त्याचं नाक पुसलेलं होतं, त्यामुळे ती पिरिमोनाच म्हणे.

आजची रात्र मात्र काढायलाच हवी होती. गाव ओस आहे, जमीन पट्ट्याने देऊन टाकू, असं सरकारी साहेबाने ठरवलं होतं. उद्या सकाळी तो बघायला येणार होता. धूर दिसला नाही तर वायमारू गेलं.

ऊन उतरलं. ओढ्यावरून धुकं चढलं आणि फाटक त्यात अर्धं बुडालं. मग खडीवर पाऊल वाजलं. पुन्हा एक. पुष्कळ माणसं अंग आकसून उभी राहावीत तसा तो आवाज होता. कुणीतरी खोकलं. ओल्या घोंगड्यांचा वास आला, आणि त्याच्यामागून चुन्याचा.

फाटकाबाहेर कुणी नव्हतं.

एकाने घोडा गाडीला जुंपायला घेतला. त्याचं बघून दुसऱ्याने पोरं गोळा केली. खड्ड्यावरची माती अजून उचललीही नव्हती.

"मावशी," पिरिमोना हळूच म्हणाला, "हाक दे."

"कुणाला?"

"उभे आहेत ना... त्यांना."

देवळाचा कारभार बघणारा तिओपिरा, मेरेआनाचा धाकटा दीर, मध्येच कुजबुजला, "वहिनी, ऐकू नकोस त्याचं. मेलेल्यांना बोलावणं आपल्या धर्मात बसत नाही."

"तिओपिराकाका," पिरिमोना म्हणाला, "प्रभूने लाजराला कबरीतून हाक मारली, ती काय तुम्हाला विचारून?"

पिरिमोना पुन्हा मेरेआनाकडे वळला. "ही भुतं नाहीत, मावशी. आपलीच माणसं आहेत. आपण त्यांना दारात उभं ठेवून पळालो. प्रभू कुणाला दारात ठेवत नाही."

"माझा आवाज नाही रे उरला..."

"मग उरला असेल तेवढा दे."

मेरेआनाने हात पुसले. दुखवट्याचं हिरव्या पानांचं कडं डोक्यावर बसवलं. ती घाबरली होती, आणि त्याहून जास्त तिला लाज वाटत होती. ती अंगणात पुढे गेली. पहिल्यांदा घशातून नुसती घरघर निघाली. मागे गाडीचं चाक हललं. मग तिने डोळे मिटले आणि हाक सुटली. या, लांबून आलेल्यांनो, या... आमच्या रडण्यात या... घरी या. ती हाक दरीभर गेली आणि घोडे थबकले.

धुक्यातून उत्तर आलं.

बाईचा आवाज होता, तरणा, भरदार. रीतीचे शब्द, रीतीचा सूर. फक्त एका ठिकाणी चुकीच्या जागी श्वास घेतलेला. मेरेआनाने डोळे उघडले. त्याच जागी श्वास तोडून एक पोर स्वयंपाकघरामागे आईची नक्कल करत असे, आणि आई हसून हसून तिला दटावत असे.

फाटक उघडलं. अंगणातलं गवत रांगेने दबत आलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण सगळे ओळीने उभे राहिले, पाहुण्यांना रीतीप्रमाणे नाकाला नाक लावून भेटायला उभं राहतात तसे. एकेकाच्या नाकाला गार नाक टेकलं. तिओपिरा लहान पोरासारखा रडला. "दादा," तो म्हणत राहिला, "दादा..." मेरेआनाच्या कपाळाला कपाळ लागलं तेव्हा तिला वाकावं लागलं नाही. तेवढं तिच्या ध्यानात राहिलं.

मग कुणीतरी स्तोत्र उचललं. रडतारडता गाव गाऊ लागलं, आणि तो आवाज गावाच्या माणसांपेक्षा फार मोठा होता. गाड्या सुटल्या. खड्डा उघडला. पोटभर जेवून माणसं तेरा वर्षांनी आपल्या जमिनीवर झोपली, आणि कुणालाही भीती वाटली नाही.

सकाळी साहेब आला तेव्हा प्रत्येक छपरातून धूर निघत होता. देवळाच्या दारात पिरिमोना हात बांधून उभा होता, मागे सगळं गाव. साहेबाने टोपी काढली, पुन्हा घातली आणि घोडा वळवला. बायका त्याच्या पाठीमागे इतक्या हसल्या की घोडा बुजला. वायमारू राहिलं.

मेरेआना हसतच फाटकाशी गेली. तिथे लाकडी परातीत पाणी ठेवलेलं असतं. कबरींकडून येणारा माणूस हात धुतल्याशिवाय जिवंतांत मिसळत नाही. काल तिनेच ते स्वच्छ भरलं होतं. आता ते दुधासारखं पांढरं होतं आणि तळाशी चुना बसला होता.

परातीच्या काठावर एका हाताचा पांढरा ठसा होता. काराराइनाची अख्खी मूठ तिच्या तळहातात मावत असे. मेरेआनाने आपला हात त्या ठशावर ठेवला. बोटाला बोट बरोबर लागलं.

सात वर्षांची पोर चुन्याखाली तेरा वर्षं वाढत होती. आणि ठसा अजून ओला होता.