करुणाच्या नावानं झालेली नोंद

तुळजाबाईंच्या दारात आलेल्या माणसाला पाण्याआधी एक प्रश्न मिळे, “ओळखीचा कागद आणलाय?”

सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत काढून बाई निवृत्त झाल्या आणि शिरूरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरची खोली घेऊन चौकशी केंद्र काढून बसल्या. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं ठरलं होतं का, असली. मदतीला नवरा, सर्जेराव. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. तीस वर्षं हाफ तिकिटाच्या पोरांची वयं विचारूनही माणूस खोटं बोलतो यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

२००६ सालच्या जुलैतल्या एका शनिवारी सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी जिना चढून आली. तिनं न बोलता पॅन कार्ड टेबलावर ठेवलं. त्यावर नाव, करुणा ओव्हाळ. राहायला दौंडला.

बाईंनी कार्ड नीट वाचलं. “नऊ ऑगस्ट?”

“हो. खरी तारीख आहे ती. आप्पांनी शाळेत तीनदा खेटे घातले, तेव्हा लिहिली गुरुजींनी.”

“बरं. काय झालंय?”

“सोमवारी माझ्यावर पोलिसात तक्रार होणार आहे,” ती म्हणाली. “आणि ज्याच्यासाठी मी दवाखान्यात धावले, त्याची बायको माझ्या तोंडावर थुंकली.”

सर्जेरावांनी न सांगता पाण्याचा तांब्या पुढं केला.

हकिगत अशी होती. शिक्रापूरला जयसिंगरावांचा प्रेस शॉप, मशीनवर पत्र्याचे भाग ठोकून काढायचा कारखाना. पंचावन्न कामगार. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं अट घातली की पगारपत्रक कॉम्प्युटरवर हवं, म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर घेतलं. सॉफ्टवेअरवाल्यांची वेगळीच अट. जो माणूस हे चालवणार त्याची ओळख पटवा. पॅन, फोटो, सही पाठवा. मग त्या एकाच माणसाला पासवर्ड मिळणार आणि प्रत्येक नोंदीखाली त्याचंच नाव उमटणार. जयसिंगरावांनी स्वतःचे कागद पाठवले नाहीत. पगाराचं काम बघणाऱ्या करुणाचे पाठवले.

“मला अभिमान वाटला होता,” करुणा म्हणाली. “एवढ्या कंपनीत ओळख पटलेलं माणूस मी एकटी.”

मंगळवारी सकाळी निमोण्याच्या दत्ता नावाच्या कामगाराचा हात प्रेसखाली सापडला. चार बोटं गेली. करुणानंच त्याला जीपमध्ये घालून शिरूरला नेलं. बुधवारी दुपारी सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद झाली: दत्तानं शनिवारीच काम सोडलं. म्हणजे मंगळवारी तो आपणहून मशीनपाशी आलेला परका माणूस. कंपनी त्याचं काही देणं लागत नाही. नोंदीखाली नाव, करुणा ओव्हाळ.

“बुधवारी तुम्ही कुठं होतात?”

“सकाळीच शिरूरच्या दवाखान्यात गेले. त्याला रात्रीच पुण्याला हलवलं होतं. तिथं कुणी ओळखीचं भेटलं नाही. परतीची एसटी मिळेना, तीनला कंपनीत पोचले. मधलं मला कुणी पाहिलेलं नाही. आणि माझा पासवर्डच चालेना. सांगितलं तर साहेब म्हणाले, नाटक करतेस. दत्तानं कधीतरी तुला चारचौघांत बोल लावला, त्याचं उट्टं काढलंस. त्याची बायको रतनबाई ओरडत आली, तिलाही हेच सांगितलंय त्यांनी. पोलिसांची चौकशी होईपर्यंत नोंद तशीच राहील म्हणाले.”

“चला,” बाई सर्जेरावांना म्हणाल्या. “गाडी काढा.”

“आत्ता? भाकरी टाकलीय तव्यावर.”

“मग तवा उतरवा आणि गाडी काढा.”

*

सॉफ्टवेअर कंपनीचं मदत केंद्र फक्त ऑफिसच्या नोंदवलेल्या फोनशीच बोले, म्हणून तिघं शिक्रापूरच्या ऑफिसात आली. जयसिंगरावांनी फोन करायला खुशाल परवानगी दिली. स्वच्छ पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, आवाजात तूप. असल्या माणसाला कुणी खोटं पाडू शकत नाही, कारण तो स्वतः काहीच करत नाही.

करुणानं आपली जन्मतारीख सांगून ओळख पटवली आणि बुधवारचं विचारलं. पलीकडच्या मुलीनं वाचून दाखवलं. फोनचा स्पीकर चालू होता. एक वाजून दहा मिनिटांनी याच नंबरवरून एका बाईचा फोन. नाव सांगितलं करुणा ओव्हाळ, पासवर्ड विसरला म्हणाली. जन्मतारीख विचारली. तिनं एक जून सांगितली. चूक, म्हणून नकार. एक पस्तीसला पुन्हा फोन, तोच बाईचा आवाज. आता तारीख बरोबर, नऊ ऑगस्ट. नवा पासवर्ड दिला.

“झालं,” जयसिंगराव म्हणाले. “मुद्दाम एकदा चुकीची सांगितली. उद्या बोलायला बरं, की बाबा मी नव्हते. पोरगी हुशार हाय, मी कवाच न्हाई म्हटलं न्हाई.”

“एक जूनच का सांगितली?” बाईंनी विचारलं.

“एक जून काय, इथं कुणालाबी इचारा. पंचावन्नात एक्केचाळीस जण एक जूनचे. दरसाल त्या दिवशी दोन किलो पेढे आणतो मी. आख्ख्या कंपनीचा वाढदिवस एका दमात!”

“तुम्ही?”

“मी बी त्यातलाच की.”

“तिच्या कागदांची प्रत कुठं असते?”

“माझ्या ड्रॉवरमध्ये,” करुणा म्हणाली. “कुलपात. किल्ली माझ्याकडं.”

“बुधवारी एकच्या सुमाराला इथं बाया किती होत्या?”

“आमच्या सूनबाई आन् प्राची. बाकी सगळे गडीमाणसं, शेडमध्ये. मोठ्या कंपनीचे साहेब आलते तपासणीला. मी त्यांच्यासंगच हुतो.”

सूनबाई, म्हणजे स्नेहल, आतल्या खोलीत बसली होती. पुण्याची, इंग्रजी शाळेतली, लग्नाला आठ महिने झालेले. खरेदीची बिलं बघते म्हणाली.

“बुधवारी मी एकला घरी जेवायला गेले. रोजच जाते. पण घरी कोणी नव्हतं, त्यामुळं साक्षीदार वगैरे नाही माझ्याकडं.” ती जरा चिडलीच होती. मग एकदम म्हणाली, “तुम्ही शाळेत होतात ना? मला एक सांगा, हे एक जूनचं काय प्रकरण आहे? यांना विचारलं तर नुसते हसतात. मला वाटलं, कॉम्प्युटरच बिघडलाय.”

“शाळा जूनमध्ये सुरू होते,” बाई म्हणाल्या. “आईबापाला पोराची तारीख सांगता येत नाही. मास्तरला घाई असते. तो एक जून लिहून मोकळा होतो.”

“असं कसं लिहितात?”

“मी लिहिलेत. शेकड्यांनी.” बाई उठल्या.

प्राची तळेगाव ढमढेऱ्याची. हजेरीचं काम तिच्याकडं. डोळे रडून सुजलेले.

“करुणा असं करील असं मला न्हाई वाटत, बाई. चार वर्षं एका डब्यात जेवतोय आम्ही. माझ्या घरी आईला कळलं तेव्हा किती बोलली, तरी मी सोडलं न्हाई. तिच्या आप्पांची जवसाची चटणी असती ना, तिच्यावरच माझं जेवण.”

“बुधवारी दुपारी कुठं होतीस?”

“पाव्हण्यांचा चहा बघत व्हते. शेडमध्ये, न्हाईतर इथं. जा-ये चाललेली.”

“शाळा कुठली तुझी?”

“गावातलीच, झेडपीची. का?”

“सवय आहे मला विचारायची,” बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर सर्जेराव म्हणाले, “मला इचाराल तर ती सूनबाई. एकटी घरी गेली म्हंती. आन् सासऱ्याचं नुकसान वाचवायला सून न्हाई तर कोण?”

“पंचवीस मिनिटं, अहो.”

“कसली?”

“चुकीच्या तारखेपासून बरोबर तारखेपर्यंतची. कागद कुलपात. करुणा हजर नाही. मग ती तारीख आणखी कुठं राहते?”

सर्जेरावांनी गाडीची किल्ली काढली. “दौंडला,” बाई म्हणाल्या.

*

करुणाचे आप्पा रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झाले होते. रेल्वे लाइनीच्या पलीकडं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली लाल फोन, त्यावर क्रोशाचं झाकण. बायको गेल्यापासून लेकीचा डबा तेच करत. बाई पोचल्या तेव्हा ते खलबत्त्यात जवस कुटत होते.

“जय भीम, बाई. बसा. ही जरा जास्तच कुटतो. हापिसातल्या पोरींना आवडती.”

तक्रारीचं करुणानं घरी सांगितलेलं नव्हतं. बाईंनीही सांगितलं नाही. स्थळाच्या चौकशीला आलोय, म्हणाल्या.

“तारीख खरी आहे ना मुलीची? नाहीतर सगळ्यांची एक जूनच.”

म्हातारा हातातला बत्ता ठेवून ताठ बसला. “माझी बी एक जून हाय, बाई. माझ्या बापाची तर तीबी न्हाई. पण ही झाली तवा दवाखान्यावरनं शाळेच्या पोरांची फेरी चालली हुती, क्रांतिदिनाची. मी खिडकीत उभा. मास्तर म्हणला, काय फरक पडतो? मी म्हणलं, मला पडतो. दोनदा हाकललं त्यानं. तिसऱ्यांदा दवाखान्याचा कागद घिऊन गेलो.”

बाईंनी बत्ता उचलून त्यांच्या हातात दिला.

“यंदा नऊ ऑगस्टला घरी पाव्हणं येणार हायत,” आप्पा आवाज खाली आणून म्हणाले. “कोण ते इचारू नका. करुणाला कळू द्यायचं न्हाई, वचन दिलंय मी.”

“ते वचन मला सांगावं लागेल, आप्पा,” तुळजाबाई म्हणाल्या, आणि सर्जेरावांना त्यांनी बाहेर पाठवलं.

*

सोमवारी दहा वाजता जयसिंगरावांच्या केबिनमध्ये सगळे जमले. तक्रारीचा अर्ज टेबलावर तयार होता. बाईंच्या शब्दाखातर निमोण्याहून रतनबाईही आली होती. ती करुणाकडं पाठ करून भिंतीशी उभी होती.

“फोन बाईनं केला,” तुळजाबाईंनी सुरुवात केली. “इथूनच केला. म्हणजे तिघींपैकी एक. करुणा, स्नेहल, प्राची. पहिल्यांदा तिनं एक जून सांगितली. करुणा स्वतःची तारीख चुकणार नाही.”

“मुद्दाम चुकली, मी म्हटलंच हाय.”

“तसं असतं तर लगेच बरोबर सांगितली असती. पंचवीस मिनिटं कशाला घालवली? त्या पंचवीस मिनिटांत दौंडला एक फोन गेला. आप्पा, आम्ही करुणाचा वाढदिवस करणार आहोत, तारीख सांगा, तिला मात्र बोलू नका. म्हाताऱ्यानं तारीखच काय, फेरीची गोष्टसुद्धा सांगितली. लेकीची तारीख आपणहून विचारणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.”

करुणानं भिंतीला हात टेकला.

“करुणाला घरी फोन करून काय करायचं? राहिल्या दोघी. सूनबाईंना परवापर्यंत एक जून हे कॉम्प्युटरचं बिघडणं वाटत होतं. अंदाजानं तारीख सांगायची वेळ आली तर त्यांच्या तोंडात ती येणारच नाही. ती कुणाच्या तोंडात येईल? झेडपीच्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या. आणि त्यातही अशा माणसाच्या, ज्याला वाटतं की या पोरीची वेगळी तारीख कुठून असणार? हिच्या बापाला कुठली तारीख ठाऊक?”

प्राचीची मान खाली गेली होती.

“फोनवर ती मुलगी आणखी एक वाक्य बोलली. म्हाताऱ्याला खूश करायला. ‘आज करुणा न्हाई, चटणी न्हाई, आप्पा, जेवणच गेलं न्हाई.’ सूनबाई घरी जेवतात. करुणाच्या डब्यात जेवणारं माणूस एकच आहे.”

मग प्राची म्हणाली, “साहेबांनी सांगितलं. रोहनला कायम करतो म्हणाले. माझा भाऊ तीन वर्षं टेंपरवारी हाय.” ती करुणाकडं वळली. “तुझ्यावर येईल असं वाटलं न्हाई गं. आईशप्पथ.”

“नोंदीखाली नाव माझंच येणार, हे तुला माहीत होतं,” करुणा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “चार वर्षं दर चौदा फेब्रुवारीला मी तुला भेट आणली. कागदावर तुझीही एक जूनच आहे, पण खरी तारीख मी विचारून घेतली होती. तू मला कधी विचारलंच नाहीस. लागली तेव्हा आप्पांना विचारलीस.”

जयसिंगरावांनी अर्ज उचलून चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. “चुकी झाली. दुरुस्त करू. घरातली गोष्ट हाय, घरातच मिटवू.”

“दत्ताची बोटं घरातली नाहीत,” तुळजाबाई म्हणाल्या. “करुणा, बस कॉम्प्युटरवर. आधीची नोंद, बदललेली नोंद, दुरुस्त केलेली नोंद. तिन्ही छाप. शिक्का मार, साहेबांची सही घे. एक प्रत या रतनबाईला.”

प्राचीकडून नवा पासवर्ड घेऊन करुणानं छापलं. रतनबाईनं कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि पदरात बांधला. जाताना ती करुणापाशी थांबली. “मला वाचता येत न्हाई, पोरी,” एवढंच म्हणाली. माफी मागायला तिच्याजवळ आणखी शब्द नव्हते.

न्याय झाला म्हणायचं तर म्हणा. दत्ताला त्याचं मिळालं. बोटं मिळाली नाहीत. महिन्याच्या आत करुणाची जागा कमी केली. सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन माणसाचे कागद गेले, पॅन, फोटो, सही, सगळं नियमाप्रमाणं. प्राचीचे. जन्मतारीख एक जून. आणि रोहन कायम झाला, कारण प्राचीचं तोंड बंद ठेवायला तेच स्वस्त होतं. जयसिंगराव अजून अष्टगंध लावतात.

नऊ ऑगस्टला तुळजाबाई आणि सर्जेराव पेढे घेऊन दौंडला गेले. चौकशीत ऑफिसातल्या पोरींशी ओळख झाली, त्यांनीच पाठवलंय, असं सांगायचं ठरलं होतं, आणि सर्जेरावांनी आयुष्यातलं पहिलं खोटं बऱ्यापैकी बोलून दाखवलं. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सहा ताटं मांडून ठेवली होती. चौघांची जेवणं झाली तरी त्यांची नजर दाराकडंच.

“ती फोनवाली पोरगी न्हाई आली?”

“तिला सुट्टी मिळाली नाही, आप्पा,” करुणा म्हणाली.

“मग हे तिला नेऊन दे.” म्हाताऱ्यानं फळीवरून जवसाच्या चटणीची भरलेली बाटली काढली आणि झाकण घट्ट आवळून लेकीच्या हातात दिली. “म्हणावं, आप्पांनी आठवण ठिवलीय.”

करुणानं बाटली घेतली. “सांगते,” ती म्हणाली.