ढगातली लेकरं

मे महिन्यातली दुपार. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कल्लप्पांच्या मागावरून माझं कापड आणायचं, एवढंच काम होतं. भिंतीवर टांगायचं विणलेलं चित्र: सतराव्या शतकातलं एक डच कुटुंब. काळं रेशीम, जाळीच्या पांढऱ्या कॉलरी, आईबाप, चार मुलं. आणि वर ढगांत पंखवाली दोन बाळं. त्या काळी तिथले लोक गेलेली लेकरंही घरच्या चित्रात अशी काढून घेत. मला ते शतक फार आवडतं. तीस वर्षांचं युद्ध तोंडपाठ आहे. माझ्या लेकीच्या, दानूच्या लसीची तारीख मात्र दोनदा हुकली.

"नमुन्यावरनं मागाची भोकाची कार्डं पाडली, ताई," कल्लप्पा म्हणाले. "एक भोक इकडचं तिकडं न्हाय."

घरी येऊन ते हॉलमध्ये टांगलं. सासूबाई, आमच्या नागम्मा अव्वा, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"लोकं भिंतीवर बसवण्णा लावत्यात. आमच्या सूनबाईनं परदेशातली मेलेली पोरं आणली."

"कला आहे ती, अव्वा."

"व्हय. तीन-तीन कला."

मी मोजलं. ढगात तीन बाळं होती. तिसऱ्याचा चेहरा सपाट, अर्धवट. गालावर फक्त काळी तीट. डच बाळाला तीट कोण लावणार?

फोनमध्ये मूळ चित्र काढलं. दोनच. कल्लप्पांना फोन लावून विचारलं.

"भोक असल्याबिगर कापडात कायबी उतरत न्हाय, ताई. दोनच हायेत. मी सोता मोजल्यात..."

तेवढ्यात चटईवर झोपलेली दानू कण्हली. अडीच वर्षांची पोर, कपाळ तव्यासारखं. ताप एकशेतीन. औषध दिलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, अंग पुसत राहा, पाचला घेऊन या. मग वीज गेली. पंखा थांबला, आणि नव्या कापडाच्या खळीच्या वासातून हळूहळू दुसराच वास वर आला... नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा.

तिसऱ्या बाळाला आता नाक आलं होतं. दानूचं, थोडं बसकं.

आधी मला स्वतःचाच संशय आला. अडीच वर्षं धड झोप नाही, त्यात रोगराईची पुस्तकं वाचायची हौस. पण अव्वांनीही तीनच मोजली होती, आणि अव्वांनी असलं एकही पुस्तक वाचलेलं नाही.

ताप एकशेचार. कापडातल्या बाळाच्या पापण्या मिटत आल्या होत्या.

"अव्वा, सुई द्या. आणि कात्री."

"नवं कापड इस्कटतीस?"

"हो."

त्यांनी सुई-कात्री आणून दिली. दानूला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने स्टूल धरलं.

मी पायांपासून सुरुवात केली. आडवा धागा उचलायचा, कापायचा, ओढायचा. प्रत्येक धागा कोमट लागत होता. काही तर पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखे...

"तुमच्या वेळी लेकरं कशी जायची, मला माहीत आहे," मी चित्रातल्या बाईला म्हणाले. "ही जायची नाही. हिला मी देत नाही."

गालावरचा काळा धागा सगळ्यात शेवटी निघाला. दात लावून ओढला.

चारच्या सुमाराला दानूला घाम फुटला. तिने पाणी मागितलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, व्हायरल. असेलही.

घरी परतल्यावर दानू कडेवरून चित्राकडे बघत म्हणाली, "ती आई बघते."

खरंच बघत होती. मूळ चित्रात ती बाई स्वतःच्या हातांकडे पाहते. आता तिची नजर स्टुलावर राहिलेल्या सुईवर होती.

"काढून टाक की ते," अव्वा हळूच म्हणाल्या.

"नाही. तिचीही दोन आहेत वर."

सुई मी त्या बाईच्या बाहीजवळ टोचून ठेवली.

आज सकाळी सुई तिथं नव्हती. ढगातल्या एका बाळाचा डावा पंख उसवलेला आहे. खाली फरशीवर धाग्याचा एक तुकडाही नाही.