दोन चौकोनांमधली रेघ

लिंबायतमध्ये उषाबाईंच्या मेसचा डबा आला की लोक घड्याळ लावून घेत, आणि याचं निम्मं श्रेय त्यांच्या मुलीला, वर्षाला, द्यायला हवं. कोणती रिक्षा कुठे पोचली हे दाखवणारं अ‍ॅप तिनं एकटीनं बनवलं होतं. फोनवरचा नकाशा अखंड नसतो. लहान लहान चौकोन शेजारीशेजारी जोडून तो उभा राहतो, आणि ते चौकोन कुठल्या तरी कंपनीकडून विकत घ्यावे लागतात. जुन्या कंपनीनं दर दुप्पट केले तेव्हा उषाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते नकाशानं याड."

पण हातात घेतलेलं सोडेल ती वर्षा कसली! आठ दिवस सात कंपन्या चाळून तिनं एक शोधून काढली. दर एकतृतीयांश, चित्र स्वच्छ, गल्ल्यांची नावं बरोबर. फक्त चौकोन जिथे जुळत तिथे केसाएवढी पांढरी रेघ राहायची. स्वस्तात एवढं चालायचंच, म्हणून तिनं सोमवारी नवा नकाशा चालू केला.

त्याच दुपारी एक डबा परत आला. कुसुम मावशीचा.

"ताई, मकानच भेटलं नाही," रिक्षावाला गोपाल म्हणाला. तो दोन वर्षं रोज तिथे डबा देत होता. वर्षा हसली आणि ऊन लागलंय तुला, म्हणाली.

मंगळवारीही डबा परत आला. गोपाल तिच्या नजरेला नजर देईना. "सेहेचाळीस नंबरनंतर सीधा अठ्ठेचाळीस आहे, ताई."

आता मात्र वर्षा हसली नाही. सत्तेचाळीस नंबरात मावशी एकटीच. खुबा मोडल्यापासून खाटेवर पडून. देखभालीची बाई चार दिवस गावाला गेलेली. हा डबा हेच तिचं जेवण. तेवढ्यात तिचाच फोन आला. "दोन दिन व्हयनात, डबा उना नही वं."

वर्षानं नकाशा मोठा केला. दोन चौकोनांमधली पांढरी रेघ नेमकी त्या गल्लीतून, सेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधून गेली होती. सत्तेचाळीसला जागाच उरली नव्हती. चित्रातला दोष आहे, तिनं स्वतःला बजावलं. चित्रातल्या दोषानं घर कुठे जात नाही. गरम डबा आणि लॅपटॉप घेऊन ती गोपालच्या रिक्षात बसली.

गल्ली ओळखीची होती. कापड विणणाऱ्या लुमांची खडखड, गटारावरच्या फरशा, वाळत टाकलेल्या साड्या. सेहेचाळीसच्या दारात एक बाई साडीला लेस लावत बसली होती.

"कुसुमबाईचं घर?"

"इथंच आहे ना कुठंतरी," ती मान वर न करता म्हणाली.

सेहेचाळीसची भिंत संपत होती तिथेच अठ्ठेचाळीसची सुरू होत होती. मधे जमिनीपासून पत्र्यापर्यंत एक पांढरी रेघ होती. वर्षानं बोट लावलं. चुन्यासारखं काही हाताला लागलं नाही. बोट मात्र गार पडलं.

तिनं मावशीला फोन लावला.

"उनी का?" मावशी लगेच म्हणाली. "दारमाच उभी शे ना? तुनी सावली पडनी मझार, खाटवर. ये ना."

वर्षा भिंतीसमोर उभी होती.

ती घाबरली, चांगलीच घाबरली; पण मागे फिरली नाही. चौकोन मी आणले, मीच बदलीन, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. फोन खांद्यात धरून तिनं रिक्षाच्या सीटवर लॅपटॉप उघडला. अ‍ॅपमधली नव्या कंपनीची ओळ पुसली, जुनीची घातली.

नकाशा पुन्हा भरला. एक चौकोन, दुसरा चौकोन. कडेला कड लागली. रेघ गेली.

सेहेचाळीस. त्याला लागून अठ्ठेचाळीस.

तिनं मान वर केली. भिंतीवरची रेघही गेली होती.

"मावशी?"

पलीकडे खाट करकरली.

"दार बंद करी दिधं ते बरं कयं, पोरी," मावशी म्हणाली. "ऊन डोयावर येत व्हतं. आते डबा दे."